रोसाऊ येथील लिश्टनस्टाइन उद्यानप्रासाद : जीर्णोद्धार नेमका कशाचा?

प्रस्तावना

'जीर्णोद्धार' हा शब्द मराठीत मंदिर, घाट, विहीर, धर्मशाळा यांच्या संदर्भात रुळलेला आहे. जे जीर्ण झाले ते पुन्हा वापरात आणावयाचे, असा त्याचा सरळ अर्थ. जुना दगड काढून नवा बसवला, सभामंडप वाढवला, कळस बदलला, तरी या शब्दाला बाध येत नाही. कारण देव तोच असतो आणि येणारे भाविकही त्याच वाटेने येत असतात. युरोपीय वास्तुविचारात मात्र नेमक्या याच ठिकाणी दीर्घकाळ वाद चालत आलेला आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्यूक याने वास्तूला तिच्या आदर्श पूर्णावस्थेस नेणे हेच पुनर्स्थापनेचे काम मानले, मग ती अवस्था प्रत्यक्षात कधी अस्तित्वात असो वा नसो. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने अशा कामाला वास्तूचा विनाशच म्हटले. या दोन टोकांच्या मधली भूमी नांगरली ती व्हिएन्ना येथील कलेतिहासकार आलोइस रिगल याने. १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात त्याने स्मारकाच्या ठायी निरनिराळी आणि परस्परांशी भांडणारी मूल्ये असतात असे दाखवून दिले. वास्तू ज्या काळाची साक्ष देते ते इतिहासमूल्य. तिच्यावर काळाने उमटवलेल्या खुणांचे ते वयमूल्य. आणि ती नवीकोरी दिसावी या सर्वसामान्य अपेक्षेतून येते ते नवतामूल्य. एकाची जपणूक करताना दुसऱ्याला धक्का लागतो, हे रिगलच्या प्रतिपादनाचे मर्म होय.

रिगलच्याच शहरात, व्हिएन्नाच्या आजच्या नवव्या विभागात, रोसाऊ या जुन्या उपनगरात लिश्टनस्टाइन घराण्याचा उद्यानप्रासाद उभा आहे. २००१ ते २००४ या काळात त्याचे मोठे पुनर्स्थापनाकार्य झाले. हे उदाहरण विचारार्थ निवडण्याचे कारण असे की, येथे वास्तूची मालकी तीनशेहून अधिक वर्षे एकाच घराण्याकडे राहिली आहे. इतरत्र शासन, विश्वस्त आणि जुने मालक यांच्या ओढाताणीत निर्णयांची जबाबदारी विखुरली जाते. रोसाऊमध्ये ती विखुरलेली नाही. काय राखावे, काय काढावे आणि कोणासाठी उघडावे, ही निवड स्वच्छपणे एका मालकाची आहे. म्हणूनच तिची चिकित्सा करता येते.

प्रासाद आधी, देश नंतर

लिश्टनस्टाइन म्हटले की आज स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामधील चिमुकला देश आठवतो. परंतु घराणे देशापेक्षा पुष्कळ जुने आहे, आणि हा प्रासादही देशाच्या आधीचा आहे. प्रासाद बांधणारा राजपुत्र योहान आडाम आंद्रेआस पहिला (१६५७–१७१२) याने शेलेनबर्गची जहागीर १६९९ मध्ये आणि फाडुट्सची १७१२ मध्ये विकत घेतली. त्या दोहोंचे मिळून संस्थान झाले ते त्याच्या मृत्यूनंतर, १७१९ मध्ये. आणि सत्तेवर असलेल्या राजपुत्राचे पाऊल या भूमीवर प्रथम पडले ते १८४२ मध्ये! घराण्याचे जगणे, मिरवणे आणि मरणे सारे व्हिएन्नात व मोराव्हियातील जमिनींवर होते.

या वैभवाचा पाया कसा घातला गेला हेही येथेच सांगावयास हवे. १६२० मधील श्वेतगिरीच्या लढाईत बोहेमियातील बंडखोर सरदारांचा पाडाव झाला. १६२१ मध्ये प्रागच्या चौकात सत्तावीस जणांना देहदंड देण्यात आला. त्या न्यायप्रक्रियेचे प्रमुखपद सम्राटाच्या वतीने कार्ल फॉन लिश्टनस्टाइन याच्याकडे होते. त्यानंतर बंडखोरांच्या ज्या जमिनी जप्त झाल्या त्यांतून या घराण्याची मालमत्ता अफाट वाढली. पुढे १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियाने घराण्याच्या जमिनी जप्त केल्या. त्यांचे क्षेत्रफळ लिश्टनस्टाइन देशाच्या सुमारे दहापट भरते. या दुसऱ्या जप्तीविषयीची तक्रार घराण्याने आजवर सोडलेली नाही. तिच्या न्याय्यतेचा प्रश्न वेगळा. पण दुसरी जप्ती सांगताना पहिली वगळता येत नाही.

१६८३ मध्ये तुर्कांचा वेढा उठला, तेव्हा व्हिएन्नाच्या तटाबाहेरील उपनगरे जळून बेचिराख झालेली होती. भय सरले आणि त्या मोकळ्या जमिनींवर सरदारांनी उन्हाळी प्रासाद व बागा उभारण्यास प्रारंभ केला. योहान आडाम याने १६८७ मध्ये रोसाऊ येथील जागा घेतली. तिच्या उत्तर भागात त्याने मद्यनिर्मितीचा कारखाना काढला व वस्ती वसवली. तीच पुढे लिश्टेनटाल या नावाने उपनगर झाली. सौंदर्यदृष्टी आणि हिशेब एकाच वहीत लिहिणारा हा माणूस होता. त्याचे वडील कार्ल ओइसेबिउस यांनी स्थापत्यावर ग्रंथ लिहून, मनुष्याचे नाव मागे राहते ते भव्य वास्तूंमुळेच, असा उपदेश करून ठेवला होता. मुलाने तो शब्दशः घेतला.

तरुण फिशर फॉन एर्लाख याच्याकडून त्याने बागेच्या दूरच्या टोकाला एक बेल्व्हेदेरे, म्हणजे दृश्य न्याहाळण्यासाठीचे देखणे मंडप-भवन बांधून घेतले. मुख्य प्रासादाचे काम मात्र इटालियनांकडे गेले. दोमेनिको एगिदियो रोस्सी याच्या आराखड्यावर आरंभ झाला आणि दोमेनिको मार्तिनेल्ली याने त्यात फेरफार करून ते पुढे नेले. परिणामी जे उभे राहिले ते फ्रेंच वळणाचे, हलक्या पंखांनी बागेत पसरणारे क्रीडाभवन नव्हे, तर रोममधील रस्त्यावर शोभावा असा भरदार, चौकोनी नगरप्रासाद. इटालियन परिभाषेत या प्रकाराला 'पालात्सो इन व्हिला' म्हणतात. नगराचा डौल सोडावयाचा नाही आणि उद्यानाचे सुखही हवे, असा हा दुहेरी हट्ट आहे. त्याची सांधेजोड होते ती दोन गोष्टींनी. तळमजल्यावरील 'साला तेर्रेना', म्हणजे बागेच्या पातळीवर उघडणारे प्रशस्त दालन, ही पहिली. प्रासाद आणि बेल्व्हेदेरे यांना जोडणारी बागेतील सरळ दृष्टिरेषा ही दुसरी. बेर्नार्दो बेल्लोत्तो याने १७५९–६० च्या सुमारास रंगवलेल्या चित्रांत ही रचना अजून शाबूत दिसते. भौमितिक वाफे, पुतळे, आणि दोन टोकांना एकमेकींकडे पाहणाऱ्या दोन इमारती. एकीवाचून दुसरी अपुरी आहे, हे चित्र पाहताच ध्यानात येते.

छताकडे पाहण्याची जागा

अंतर्भागाच्या सजावटीसाठी राजपुत्राने त्या काळातील उत्तमोत्तम हात गोळा केले. चुनेगच्चीतील नक्षीकाम सांतिनो बुस्सी याचे, शिल्पे जोव्हान्नी जुलियानी याची, छतांतील तैलचित्रे आंतोनियो बेल्लुच्ची याची, तळमजल्याची व जिन्यांची भित्तिचित्रे योहान मिखाएल रोटमायर याची. बोलोन्याच्या मार्कांतोनियो फ्रांचेस्किनी याच्याकडून पौराणिक चित्रांची मालिकाच मागवलेली होती. या साऱ्यांवर मुकुट चढवला तो आंद्रेआ पोत्सो याने.

पोत्सो हा जेझुइट पंथाचा धर्मबंधू. रोममधील सांत इन्यात्सिओ चर्चच्या छतावर आभासी आकाश उघडून दाखवणारा आणि यथादर्शनावर ग्रंथ लिहिणारा हा कलावंत वृद्धापकाळी व्हिएन्नात आला. १७०४ ते १७०८ या काळात त्याने रोसाऊच्या मुख्य सभागृहाच्या छतावर हर्क्युलिसची कृत्ये आणि त्याचा ऑलिंपसवरील प्रवेश रंगवला. ख्रिस्ती धर्मबंधूने ग्रीक वीराचे स्वर्गारोहण रंगवावे यात तेव्हा कोणाला वावगे वाटले नाही. हर्क्युलिस म्हणजे सद्गुणी शासक, आणि शासक म्हणजे अर्थातच घरमालक, हे समीकरण सर्वांना पाठ होते.

या चित्राचे तंत्र समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खऱ्या भिंती जेथे संपतात तेथून रंगवलेले खांब आणि सज्जे वर चढू लागतात आणि त्यांच्या मधोमध आकाश फाकते. पण हा भास एका विशिष्ट जागी उभे राहिल्यावरच पूर्ण होतो. दोन पावले बाजूला सरकले की खांब कलू लागतात. तेव्हा हे चित्र केवळ छताचे नाही, त्याखालच्या मोकळ्या जमिनीचेही आहे. हे सभागृह समारंभांसाठी भाड्याने दिले जाते आणि तेथे मेजवानीची टेबले मांडली जातात, तेव्हा रंगाचा कणही न दुखावता पोत्सोच्या कृतीचा निम्मा भाग दृष्टिआड होतो. संवर्धनाच्या कोणत्याही अहवालात असे नुकसान नोंदले जात नाही.

उघडे दार आणि त्याची सव्वाशे वर्षे

उद्यानप्रासाद हा मुळात उन्हाळ्यात मिरवण्याचा महाल. त्याला दुसरा जन्म मिळाला तो योहान पहिला याच्या कारकीर्दीत (१८०५–३६). घराण्याचा चित्रसंग्रह शहराच्या आतल्या प्रासादातून येथे हलवण्यात आला आणि १८१० पासून तो लोकांना पाहण्यासाठी खुला झाला. याच राजपुत्राने जुनी भौमितिक बाग मोडून इंग्रजी वळणाचे निसर्गोद्यान करविले. म्हणजे मूळ रचनेची हानी आणि तिचे सार्वजनिकीकरण ही दोन्ही एकाच हातून झाली, हा इतिहासातील उपरोध ध्यानात घेण्याजोगा आहे.

रूबेन्स, व्हॅन डाइक, लिओनार्दो यांच्या कृती असलेले हे कलादालन व्हिएन्नाच्या सांस्कृतिक जीवनाचा नित्याचा भाग झाले. याकोब फॉन फाल्के याच्यासारख्या अभ्यासकाने त्याची व्यवस्था पाहिली, विल्हेल्म फॉन बोडे याने त्यावर ग्रंथ लिहिला. दरम्यान वास्तूची मोडतोड व भर चालूच होती. फिशरचे बेल्व्हेदेरे १८७० च्या दशकात पाडण्यात आले आणि त्या जागी हाइन्रिश फॉन फर्स्टेल याच्या आराखड्याने घराण्यातील विधवा राजपत्नीसाठी नवा प्रासाद उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास शहरातील हेरेनगासे येथील घराण्याचा दुसरा प्रासाद पाडला गेला, तेव्हा त्यातील ग्रंथालय, लाकडी फडताळांसकट, उचलून रोसाऊला आणून बसवण्यात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे ग्रंथालय घडवणारा वास्तुकार योझेफ हार्टमुट हाच होता, ज्याने १७९० मध्ये पेन्सिलींचा कारखाना काढला. त्याच्या वारसांनी पुढे कोहिनूर या भारतीय हिऱ्याचे नाव देऊन जी पेन्सिल बाजारात आणली, ती भारतातील रेखाटनाच्या वर्गांनाही अपरिचित नाही.

१९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झाला. त्याच वर्षी सत्तेवर आलेला फ्रान्झ योझेफ दुसरा फाडुट्सला राहावयास गेला आणि कलादालनाचे दार बंद झाले. महायुद्धाच्या अखेरच्या काळात संग्रहही फाडुट्सला हलवला गेला. जप्तीनंतर आर्थिक ओढ इतकी होती की संग्रहातील कृती विकाव्या लागल्या. लिओनार्दोने रंगवलेले जिनेव्रा दे बेंचीचे व्यक्तिचित्र १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतले. रिकामा प्रासाद भाड्याने गेला. प्रथम तेथे बांधकामविषयक प्रदर्शन-केंद्र होते आणि १९७९ पासून २००१ पर्यंत ऑस्ट्रियाचे आधुनिक कलेचे संग्रहालय. सरदारांच्या स्वर्गाखाली विसाव्या शतकातील कलेने बावीस वर्षे काढली. ते संग्रहालय २००१ मध्ये स्वतःच्या नव्या इमारतीत गेले आणि मालकाने आपली वास्तू परत हाती घेतली.

पुनर्स्थापनेतील निवड

मार्च २००४ मध्ये प्रासाद 'लिश्टनस्टाइन संग्रहालय' या नावाने पुन्हा उघडला. या कामातील सर्वांत मोठी उपलब्धी म्हणजे जिन्यांवरील रोटमायरची भित्तिचित्रे. ती नष्ट झाली असाच समज होता. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर कॅनव्हासवरील तैलचित्रे बसवण्यात आली होती. ती उतरवल्यावर खालची चित्रे शंभराहून अधिक वर्षांनी उजेडात आली. भित्तिचित्र ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवले जाते. गिलावा वाळताना हवेतील कर्बवायू शोषून घट्ट होतो आणि रंगकण त्याच्यातच बांधले जातात. रंग भिंतीवर नसतो, भिंतीत असतो. म्हणूनच झाकले जाणे त्याला सोसते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेत असे बजावले आहे की वास्तूवरील सर्व काळांच्या अर्थपूर्ण भरीचा मान राखावा, आणि वरचा थर काढून खालचा उघडा करणे अपवादानेच करावे. वरचा थर गौण असला आणि खालचा फार मोलाचा असला तरच तसे करण्यास सनद मुभा देते. रोटमायरच्या बाबतीत ही कसोटी निर्विवाद उतरते. शिवाय वरची चित्रे कॅनव्हासवर असल्याने ती नष्ट न करता अन्यत्र ठेवता येतात. येथे इतिहासमूल्य आणि कलामूल्य एकाच बाजूला होते. निर्णय कठीण नव्हता, तो निष्ठेने पार पाडला गेला, आणि त्याचे श्रेय मालक व संवर्धक या दोघांना निःसंकोच द्यावयास हवे.

अडचण येते ती अन्यत्र. पुनर्स्थापित प्रासादाची ओळख बरोक काळातील एकसंध कलाकृती, वास्तू-चित्र-शिल्प-सजावट यांचा अखंड मेळ, अशी करून दिली जाते. पण बारकाईने पाहता हा मेळ कोणत्याही एका काळाचा नाही. छते १७०० च्या सुमाराची आहेत. तळमजल्यावर मांडलेला सोनेरी रथ पॅरिसमध्ये १७३८ मध्ये घडवलेला आहे. ग्रंथालय विसाव्या शतकात दुसऱ्या घरातून आलेले आहे. भिंतींवर चित्रांचा संग्रह असणे ही १८१० नंतरची वहिवाट आहे. बाग प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकातील निसर्गोद्यानाच्या वळणाची राहिली आहे आणि दृष्टिरेषेच्या टोकाला बेल्व्हेदेरे नसून फर्स्टेलची इमारत आहे. फ्लॉरेन्समध्ये एका इंग्रज ड्यूकसाठी घडवलेले, रंगीत पाषाणांच्या जडावाचे 'बॅडमिंटन' कपाट तर येथे २००४ च्या डिसेंबरात लंडनच्या लिलावातून आले. त्यासाठी सुमारे १ कोटी ९० लाख पौंड मोजण्यात आले आणि फर्निचरला मिळालेली ती विक्रमी किंमत ठरली.

या मिश्रणात दोष मुळीच नाही. उलट बेल्व्हेदेरे पुन्हा बांधण्याच्या मोहात न पडणे, हा या कामातील सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल. जेथे अनुमान सुरू होते तेथे पुनर्स्थापकाने थांबावे, हे सनदेचे म्हणणे रोसाऊमध्ये पाळले गेले. प्रश्न असा आहे की, १९१० च्या दशकात आणलेले ग्रंथालय वास्तूचे अविभाज्य अंग ठरते, २००४ मध्ये विकत घेतलेले कपाट संग्रहाच्या परंपरेत सहज सामावते, मग १९३८ ते २००१ या त्रेसष्ट वर्षांना या कथनात स्वतःचे स्थान का नसावे? त्या काळातील भिंतींचे पडदे आणि दिवे राखून ठेवावेत असे कोणी म्हणणार नाही. पण आधुनिक कलेच्या संग्रहालयाने या दालनांत बावीस वर्षे जो संवाद, किंवा जे भांडण, चालवले तो या वास्तूच्या इतिहासाचाच एक थर होता. कोणत्या थराला 'भर' म्हणावयाचे आणि कोणत्याला 'व्यत्यय', हे ठरवणारा निकष येथे काळाचा दिसत नाही, कलामूल्याचाही दिसत नाही. जे घराण्याचे ते भर, जे भाडेकरूचे तो व्यत्यय, असाच तो दिसतो. हर्क्युलिसच्या छताखाली हा निकष स्वाभाविक वाटतो, एवढेच.

बंद दार

या निकषाची खरी परीक्षा पुढे झाली. संग्रहालय म्हणून नित्य खुला असलेला प्रासाद २०११ च्या अखेरीस बंद करण्यात आला. अपेक्षेइतके प्रेक्षक आले नाहीत, हे त्याचे कारण. त्यानंतर वास्तू पाहता येते ती आगाऊ नोंदणी केलेल्या मार्गदर्शित फेरीतून, एखाद्या समारंभाचे निमंत्रण असेल तर त्या निमित्ताने, किंवा अलीकडच्या वर्षांत काही आठवडे भरणाऱ्या विनामूल्य प्रदर्शनातून. २०२४ च्या आरंभी भरलेले असे एक प्रदर्शन योहान आडाम आंद्रेआस आणि १७०० च्या सुमाराचे व्हिएन्ना या विषयावरच होते. घराण्याचा शहरातील प्रासादही २००८ ते २०१३ या काळात मोठ्या खर्चाने पुनर्स्थापित झाला. तोही नित्य खुला नाही.

मालकाची बाजू दुबळी नाही. पैसा घराण्याचा, इमारत घराण्याची, चित्रे घराण्याची. शासनाकडे असलेल्या कितीतरी वास्तूंची दैना पाहता एवढ्या कसोशीने केलेली देखभाल हीच मोठी देणगी आहे, असे म्हणणाऱ्याला चटकन उत्तर देता येत नाही. रिकाम्या दालनांत पहारेकरी बसवून तोटा सोसत राहावे अशी सक्ती कोणावर कशी करावयाची? आणि समारंभांच्या भाड्यातून देखभालीला हातभार लागत असेल, तर मेजवानीच्या टेबलांनाही संवर्धनाचे साधन म्हणावे लागेल.

तरीही हिशेब मांडला तर तो असा येतो. १८१० ते १९३८ अशी एकशे अठ्ठावीस वर्षे हा प्रासाद व्हिएन्नातील कोणाही जिज्ञासूला उघडा होता. तो संपूर्णपणे राजेशाहीचा काळ नव्हता आणि संपूर्णपणे लोकशाहीचाही नव्हता. महायुद्ध, साम्राज्याचा अंत, चलनवाढ या साऱ्यांतून ते दार उघडे राहिले. २००४ च्या पुनर्स्थापनेने ज्या भूतकाळाला आवाहन केले तो केवळ योहान आडामच्या छतांचा नव्हता, या उघड्या दाराचाही होता. 'संग्रहालय' हे नाव त्यासाठीच घेतले गेले. छते टिकली आणि ती टिकतील अशी व्यवस्थाही झाली. दार मात्र आठ वर्षेही उघडे राहिले नाही. मराठीतील जुन्या शब्दाच्या अर्थाने पाहिल्यास, म्हणजे वास्तू पुन्हा वापरात येणे आणि येणाऱ्यांची वाट मोकळी होणे या अर्थाने, येथे चित्रांचा उद्धार झाला, गिलाव्याचा झाला. प्रासादाचा झाला असे निखळपणे म्हणता येत नाही.

उद्यान मात्र लोकांना खुले आहे. आजूबाजूची मुले तेथे खेळतात, म्हातारी माणसे बाकांवर बसतात. झाडे वाढल्यामुळे, बेल्लोत्तोने चितारलेली ती सरळ दृष्टिरेषा आता पूर्वीसारखी स्वच्छ राहिलेली नाही. ज्या बागेसाठी हा प्रासाद बांधला गेला ती बाग, तिचा मूळ आकार गमावूनही, रोज वापरली जाते. ज्याचा आकार जसाच्या तसा परत मिळवला तो प्रासाद पाहावयाचा तर आधी तारीख घ्यावी लागते.